घरगुती कारण नाही

"भिंतीकडे तोंड करा, बाई."

मी केलं. एक्केचाळीस वर्षांची बाई मी, बारा वर्षं त्याच शाळेत शिकवलेलं, आणि शिक्षकखोलीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आपण शिक्षा म्हणून पोरांना उभं करतो तशी. मागे संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, सात शिक्षक आणि दोन पालक.

दोन हजार तीनचा मार्च होता. तक्रार माझ्यावर होती, आणि ती खरी होती. सहावीतली एक मुलगी मागच्या बाकावरून "बाई, जाऊ?" म्हणून तीनदा विचारत होती. मला ऐकू आलं नाही. तिला जागेवरच झालं. पोरं हसली, ती रडत घरी गेली. तिची लाज माझ्या डोक्यावर आहे, ती मी कोणावर ढकलत नाही.

"आता मी हळू बोलतो," अध्यक्ष म्हणाले. "काय म्हटलं ते सांगायचं."

मी वाट पाहिली. कानात नेहमीचे रातकिडे किर्रर्र करत होते. दुसरं काहीच आलं नाही. मग एकदम हसणं आलं. ते बरोबर ऐकू आलं.

"झालं. वळा."

दोन दिवसांनी लांज्याच्या एसटी स्टँडवर मी माझ्या शेजारच्या वर्गावरच्या बाईंना धरलं. "काय म्हणाले ते?"

"सोडा हो बाई, कशाला?"

"सांगा."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. म्हणाल्या, "म्हणाले, राखीव पेटीतला आंबा. वरून पिवळा, आत साका." आणि लगेच, "मी नाही हो हसले."

हसल्या होत्या. त्यांचं हसणं मी ओळखते.

साका म्हणजे काय ते आमच्या रत्नागिरीत लहान पोरालाही ठाऊक. हापूस दिसायला सोन्यासारखा, आणि कापला की आत पांढरा भेंडासारखा गोळा. फेकून द्यायचा. अध्यक्ष मोठे बागायतदार, त्यांना शिवीही बागेतलीच सुचली. मी बौद्धवाडीतली. राखीव जागेवर लागलेली. बी.एड.ला कॉलेजात दुसरी आलेली, पण ते कोण विचारतंय?

आता हे कान गेले कसे, ते सांगते. शाळेची चिऱ्याची इमारत आहे, तिथे अ आणि ब तुकडी. बागायतदारांची, कारकुनांची, मास्तरांची मुलं. क तुकडी वाड्यावस्त्यांवरची. ती बसते मागच्या शेडमध्ये. शेड अध्यक्षांचीच, पूर्वी आंब्याची आढी लावायला बांधलेली. वर पत्रे. तीन वर्ग, मध्ये प्लायवूड, तेही पत्र्यापर्यंत न पोचणारं. एका वर्गात पाढे चालले की तिन्ही वर्गांत पाढे. शेडच्या चौथ्या भागात फेब्रुवारीपासून पेट्या ठोकायला माणसं बसतात. खिळा, हातोडी, फळी, आणि वर पत्रा. अकरा ते पाच. पावसाळ्यात पेट्या नसतात, पण तेव्हा पत्रा स्वतःच वाजतो, जुलैअखेरपर्यंत आपलं बोलणं आपल्याला कळत नाही. अशात बासष्ट पोरांना इतिहास शिकवायचा तर ओरडावंच लागतं. मी ओरडले. बारा वर्षं.

दर जूनला मी मुख्याध्यापकांना म्हणायचे, "सर, यंदा मला इमारतीतला वर्ग द्या." दर जूनला ते गोड हसायचे. "बाई, तुमचा आवाज खणखणीत आहे. तुमच्या लोकांचा मुळातच मोठा असतो. शेड तुम्हीच सांभाळाल." पहिली दोन-तीन वर्षं मला ते कौतुक वाटलं. इतकी मी येडी.

अठ्ठ्याण्णवला कानात आवाज सुरू झाला. आधी संध्याकाळी, मग कायमचा. मग माणसांचे शब्द पुसट होत गेले. वाडीत बायका हाक मारायच्या, मी सरळ पुढे जायचे. "शिकली नि चढली," असं बोलणं झालं. आई माजघरातून पाणी मागत राहायची. एकदा माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी. "बाय, माझ्याशी बोलाची पन लाज वाटते काय गो तुला?"

तिला काय सांगू? तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

त्या भिंतीच्या प्रकारानंतर मी रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कागदावरची उतरती रेघ बघितली आणि विचारलं, "कुठल्या कारखान्यात आहात?"

"शाळेत आहे," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मला प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी तो कागदावर लिहून दाखवला. मी खाली लिहिलं, शाळेत. त्यांनी ते वाचलं. गेलेलं परत येणार नाही म्हणाले. कानातला आवाजही जाणार नाही. गोंगाटापासून लांब राहा. मी फी दिली आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हजर झाले, कारण लांब राहायला दुसरी जागा कुठे होती?

एप्रिलमध्ये ऑफिसात बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे सरकवला. "बाई, मानाने जा. स्वेच्छेने राजीनामा लिहा. आम्ही निरोप समारंभ करू." माझ्यात काही उरलं नव्हतं. मी पेन उघडलं. मजकूर काय लिहू, विचारलं. क्लार्कने कपाटातून एक जुना अर्ज काढला. "हा घ्या नमुना. ह्याच्यावरनं उतरवा."

अर्ज माझ्याआधी शेडमध्ये शिकवणाऱ्या बाईंचा होता. मी लागले तेव्हा त्यांचं शेवटचं वर्ष होतं. कानामागे हात धरून बोलायच्या, पोरं त्यांची नक्कल करायची. मीही एकदा केली होती, शिक्षकखोलीत, सगळ्यांना हसवायला. त्याही आमच्यातल्याच, पलीकडच्या गावच्या. अर्जात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "घरगुती कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे."

मी क्लार्कला विचारलं, "ह्यांच्या आधी शेडवर कोण होतं?" एक मास्तर, त्यांचा घसा गेलेला. त्यांचाही अर्ज तिथेच होता. घरगुती कारणास्तव. त्याच शब्दांत. नमुन्यावरून उतरवलेला.

म्हणजे कान शेडने खाल्ले, घसा शेडने खाल्ला, आणि कागदावर दोष आमच्या घरांचा. आमच्या हातून लिहून घेतलेला. माझ्या घरात काय कारण होतं? घरात माझी आई होती, पाणी मागणारी. माझ्या अंगाचा भडका उडाला.

मी त्या कोऱ्या कागदावर लिहिलं: "पत्र्याच्या शेडमध्ये बारा वर्षं शिकवून माझे कान गेले. डॉक्टरांचा कागद सोबत आहे. मी राजीनामा देत नाही."

"हे काय?" मुख्याध्यापक म्हणाले. "हे आम्ही घेऊ शकत नाही."

"मग रजिस्टर पोस्टाने येईल," मी म्हटलं. पोस्टाने पाठवला. पोचपावती माझ्याकडे आहे.

पुढे काही झालं असेल असं वाटत असेल तर काही झालं नाही. जिल्ह्याच्या कार्यालयातून एकच ओळ आली, प्रकरण विचाराधीन आहे. शिक्षकांच्या सभेत माझ्याशेजारची खुर्ची रिकामी राहते. मला दोन मेमो मिळाले, वर्गावर नियंत्रण नाही म्हणून. गेल्या वर्षी डावा कान पुरता बंद झाला, उजवा त्याच वाटेवर आहे. शेड आहे तिथेच आहे. पेट्या ठोकणं चालू आहे. ती मुलगी शाळा सोडून गेली, तिची माफी मागायची माझी राहिली. आई वारली. शेवटी ती काय बोलत होती ते मला ओठांवरूनही कळलं नाही. ह्याची भरपाई कोणी करू शकत नाही, आणि कोणी करणारही नाही.

फक्त आता मी ओरडत नाही. फळ्यावर लिहिते, पोरांच्या बाकापर्यंत जाते, वाकते, त्यांना पाटीवर लिहायला सांगते. जेवढं होतं तेवढं होतं.

आणि दर एप्रिलला मुख्याध्यापक कोरा कागद पुढे करतात. मी तो कोराच परत देते. मला काढायचं असेल तर काढा. पण माझ्या सेवापुस्तकात कारण तुमच्या हाताने लिहा, आणि शेड लिहा. घर लिहिलंत तर मी सही करणार नाही.