रेन्स्केची बोलकी पाटी

विब्रेन हॉइटिंगा एकतीस वर्षं आमच्या गावच्या पुलावर होता. होडी आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा, होडी पुढे गेली की सावकाश खाली घ्यायचा. मग खांबांवर कॅमेरे बसले, पूल दूरच्या कुठल्याशा कचेरीतून उघडायला लागला आणि विब्रेनला एक फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. दुसरा कोणी रुसून बसला असता. विब्रेन म्हणाला, "माझ्या जागेवर जे बसलंय ते आहे तरी काय, एवढं बघून घेतो." आणि त्याने पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक मागवला. एकच हिरवी पट्टी, तिच्यावर सगळं बसवलेलं. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली चालते. साठी ओलांडलेल्या माणसाने घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून, चुका करत करत, ते शिकून घेतलं.

दर बुधवारी सकाळी गावच्या सभागृहात आम्ही दुरुस्तीचं टेबल मांडतो. मी, हिस्के, शिवणयंत्रं आणि कपड्यांच्या चेनी बघते. माझ्या शेजारी विब्रेन रेडिओ, इस्त्र्या आणि हे असले संगणक. आमची ओळख मात्र त्याच्या बायकोमुळे. रेन्स्के बेकरीच्या काउंटरला होती. गावात कोणाचं काय बिनसलंय ते तिला पाव कापता कापता समजायचं. हिवाळ्यात आम्ही पत्ते खेळायचो, तेव्हा कुठलं पान कोणी कधी टाकलं हे तिला शेवटच्या हातापर्यंत पाठ असायचं. तिच्याविरुद्ध खेळणं म्हणजे मार खायलाच बसणं. बोलायची ती. विब्रेनच्या वाटणीचंही तीच बोलायची.

ऑक्टोबरात तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तोंडातून एकच आवाज यायचा, सुखाला तोच, दुःखाला तोच. मान हलवायची, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळायचं नाही. विब्रेनचं म्हणणं, "आत सगळी आहे ती. जीभ तेवढी वळत नाही." डॉक्टरांचं म्हणणं, आत किती शिल्लक आहे हे सांगता येत नाही. तिला वोर्कुमच्या शुश्रूषागृहात ठेवलं. आमच्या गावापासून सायकलने अर्धा तास.

तिथे पडून पडून तिच्या कमरेला जखम झाली, त्यामुळे तिला बराच काळ उजव्या कुशीवरच ठेवायचे. डावा हात वर, मोकळा. हे बघून विब्रेनने ठरवलं, तिला बोलती पाटी करून द्यायची. हातभर रुंदीचा स्पर्शाचा पडदा, त्याच्या पाठीला तो छोटा संगणक. पडद्यावर तीन ओळींत नऊ घरं. वरच्या ओळीत चहा, विब्रेन, दुखतंय. मधल्या ओळीत नाही, हो, थंडी. खालच्या ओळीत खिडकी, झोप, रेडिओ. प्रत्येक घरात शब्द आणि चित्र. घरावर बोट ठेवलं की आवाज यावा.

आवाजाची एक अडचण होती. यंत्रात होती ती आमची बोली न बोलणारी, हॉलंडकडची कोणी बाई. "हिच्या आवाजात रेन्स्के चहा मागणार?" विब्रेन मला म्हणाला. "तिला हसून ठसका लागेल. तू म्हण." म्हणून मी आमच्या फ्रिशियन बोलीत ते नऊ शब्द म्हटले, त्याच्या स्वयंपाकघरात, फ्रीज बंद करून.

खरी कटकट पुढे झाली. पलंगाचा स्टँड पडदा एकाच पद्धतीने धरायचा, वायर खाली सोडून. पण रेन्स्के कुशीवर. तिच्या डोळ्यांना अक्षरं सरळ दिसायची तर चित्र पडद्यावर पाव वळसा फिरवायला हवं होतं. विब्रेनने कुठेतरी वाचून सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली. काही झालं नाही. ती ओळ जुन्या काळातली. नवी प्रणाली तिच्याकडे बघतसुद्धा नाही, हे त्याला दोन दिवसांनी कळलं. दुसरा उपाय केला, तर यंत्र सुरू होताना अक्षरं आडवी यायची आणि नऊ घरं उमटली की पुन्हा उभी व्हायची. "पुलावर असं असतं," तो मला सांगत होता, "तर एक बाजू वर आणि एक खाली राहिली असती." शेवटी यंत्र जागं होतानाच त्याला फिरण्याचा हुकूम देणारी एक ओळ सापडली. चित्र वळलं आणि वळलेलंच राहिलं.

पाटी पलंगाला लावली त्या दिवशी मीही गेले होते. नर्स फार्दाउ होती. विब्रेन मान वाकडी करून घरं बघत होता. त्याने मधल्या घरावर बोट टेकवलं. माझा आवाज म्हणाला, "हो." त्याने हात मागे घेतला.

"बाकीची नाही बघायची?" मी विचारलं.

"आता ते तिचं तोंड आहे," तो म्हणाला. "त्यात मी कशाला बोटं घालू?"

मग रेन्स्केकडे वाकून म्हणाला, "घे, बोल आता. दोन महिने मीच बडबडतोय."

रेन्स्केने खूप वेळ घेतला. बोट अडखळत वर गेलं, टेकलं. आणि माझा आवाज म्हणाला, "नाही."

"काय नाही, गं?" विब्रेनने विचारलं.

बोट पुन्हा टेकलं. "नाही." पुन्हा. "नाही." रेन्स्केच्या घशातून तो तिचा एकच आवाज आला आणि तिने डोळे मिटले. विब्रेनने पांघरूण सारखं केलं.

पुढचे दिवस वाईट गेले. फार्दाउ सांगायची, रेन्स्के चहा मागते, चहा आणला की तोंड फिरवते. खिडकी म्हणते, खिडकी उघडली की रागाने कण्हते. अपरात्री विब्रेन, विब्रेन म्हणत राहते आणि विब्रेन सकाळी आला की त्याला नाही म्हणते. विब्रेन रोज जायचा, पण खोलीत न बसता बाहेरच्या खुर्चीवर बसायचा.

"आत जा की," मी एकदा म्हटलं.

"तिला नकोय मी," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तिला मी बोलू दिलं नाही असं नाही. ती बोलायची आणि मी ऐकायचो. पण कदाचित खरं बोलायची संधी आत्ताच मिळाली असेल." तो हसायचा प्रयत्न करत होता. "आणि तेही तुझ्या आवाजात, हिस्के."

मला रात्रभर ते लागून राहिलं.

अकराव्या दिवशी डॉक्टर बाईंनी त्याला बोलावलं. सरळ बोलल्या, पण मायेने. "हॉइटिंगा, पाटीमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. त्या शब्द निवडतात, पण शब्दाचा अर्थ त्यांच्यापाशी राहिलेला नाही. स्नेक शहरात अशा रुग्णांसाठी बंद विभाग आहे. गुरुवारी आमची बैठक आहे, तेव्हा आपण ठरवू." स्नेक आमच्यापासून लांब. विब्रेनला गाडी चालवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. टेबल लवकर आवरून मीही त्याच्याबरोबर गेले. "आज खुर्ची आत नेऊ," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले, पण तो आला. डिसेंबरचा वारा होता आणि दोघांचीही नाकं लाल झाली होती. आम्ही पलंगाशी बसलो. रेन्स्केने आमच्याकडे बघितलं. बोट उचललं, ह्या वेळी अजिबात न अडखळता, आणि टेकवलं.

"विब्रेन," माझा आवाज म्हणाला.

त्याने खाली बघितलं. मला वाटलं, तो रडेल. पण तो बारा दिवसांत पहिल्यांदाच नुसतं न ऐकता तिच्या बोटाकडे बघत होता. त्याने मान आडवी केली, पार खांद्याला टेकेपर्यंत.

"हिस्के," तो हळूच म्हणाला, "तिचं बोट कुठंय बघ."

मीही मान वाकडी केली. बोट "थंडी"वर होतं.

"थंडी वाजतेय का तुला?" मी विचारलं.

रेन्स्केने बोट सरकवलं. ते "विब्रेन" लिहिलेल्या घरावर, त्याच्या पुलाच्या चित्रावर, नेमकं टेकलं. "नाही," आवाज म्हणाला.

विब्रेन खुर्चीच्या काठावर सरकला. "रेन्स्के," तो म्हणाला, "चहा माग."

तिचं बोट "दुखतंय"वर गेलं. "चहा."

"आता सांग, दुखतंय."

बोट खाली "रेडिओ"वर गेलं. "दुखतंय." आणि तिथेच टेकून राहिलं. पुन्हा तेच. "दुखतंय."

विब्रेनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला अजून उमगलं नव्हतं. मग त्याने समजावलं. चित्र त्याने वळवलं होतं, पण बोट कुठे टेकलं हे ओळखणारी काच वेगळी असते आणि तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती अजून जुन्याच दिशेने मोजत होती. त्यामुळे प्रत्येक घर पाव वळसा चुकत होतं. फक्त मधलं "हो" बरोबर, कारण मध्य कसाही फिरवला तरी मध्यच राहतो. आणि त्याने तपासलं होतं ते तेवढंच.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "ती माझं नाव घेत होती. तीनदा घेतलं तिने."

आणि पुढचं मग माझ्याही डोक्यात उतरलं. तिला दुखत होतं तेव्हा यंत्र चहा म्हणालं. तिने चहा मागितला तर कोणी खिडकी उघडली, डिसेंबरात. कुशीवर पडल्या पडल्या, कोणाला काही विचारता येत नसताना, तिने एकेक घर दाबून पाहिलं, कुठल्या घरातून काय निघतं ते लक्षात ठेवलं आणि ती उलटं बोलायला शिकली. ज्या बाईच्या आत काही उरलं नाही म्हणून कागद तयार होत होते, तिने.

"किती दिवसांत जमवलंस?" विब्रेनने तिला विचारलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होती.

त्याने आधी फार्दाउला हाक मारली आणि कुठे दुखतंय ते बघायला सांगितलं. जखम पुन्हा चिघळली होती. ती साफ करून, गोळी देऊन झाल्यावर त्याने पिशवीतून कीबोर्ड काढला आणि मांडीवर घेतला. काचेला दिशा सांगायला सहा आकड्यांची एक ओळ असते. ती त्याने लिहिली, यंत्र बंद करून चालू केलं.

"रेडिओ दाब," तो म्हणाला.

तिने "रेडिओ" दाबला. "चहा," आवाज म्हणाला.

"उलट्या बाजूला वळवलं मी," विब्रेन पुटपुटला. "आता अर्धा वळसा चुकतंय."

रेन्स्केने त्याच्याकडे असं बघितलं, जसं ती पूर्वी चुकीचं पान टाकणाऱ्या भिडूकडे बघायची. मी हसले. त्यालाही हसू आलं आणि त्यात एक आकडा चुकला, तो पुन्हा लिहावा लागला. दोन ठिकाणची चिन्हं बदलली, शेवटचे आकडे नीट बसवले, पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"रेडिओ."

"रेडिओ," आवाज म्हणाला.

मग एकेक करत नऊही घरं. ह्या वेळी विब्रेनने आधी तिची परवानगी विचारली, तिने "हो" दाबलं, आणि त्याने स्वतःच्या बोटाने सगळी पुन्हा तपासली. फार्दाउला दोनदा प्लग काढून लावायला सांगितलं, कारण झाडलोट करणारे तो काढणारच. काच आता दिशा विसरत नव्हती.

डॉक्टर बाई संध्याकाळी निघता निघता आल्या. विब्रेनने काही ऐकवलं नाही. एवढंच म्हणाला, "चूक माझी होती. यंत्र चुकीचं बोलत होतं, ती नाही. तुम्ही विचारा तिला काहीही."

त्या पलंगाशी गुडघ्यांवर बसल्या. "रेन्स्के, मी तुम्हाला स्नेकला पाठवणार होते. तुम्हाला जायचंय?"

"नाही."

"इथे राहायचंय?"

"हो."

डॉक्टर बाईंनी मान डोलावली, मग जरा थांबून म्हणाल्या, "मला माफ करा." रेन्स्केने थोडा विचार केला आणि "चहा" दाबलं. खरोखरच हवा होता की सोडून दे म्हणायचं होतं, मला सांगता येणार नाही. पण डॉक्टर बाईंनी स्वतः आणला, चमच्याने पाजला, आणि रेन्स्केने तोंड फिरवलं नाही. गुरुवारी बैठक झाली, ती पाच मिनिटांत संपली.

दोन दिवस रेन्स्केची बोटं जुन्या सवयीने चुकत राहिली. शिकलेलं विसरायलाही वेळ लागतो. विब्रेन आता पलंगाशीच बसायचा आणि झाल्या गोष्टीबद्दल रोज माफी मागायचा. दिवसातून चार-पाचदा. शिवाय गावातली प्रत्येक बातमी, कोणाची गाय व्याली, पुलाला कुठला रंग दिला, सगळं तो सांगायचा. आयुष्यभर न बोललेला माणूस बोलायला लागला की थांबत नाही.

नाताळाच्या आदल्या बुधवारी त्याने तिला विचारलं, "दहावं घर करतो. कुठला शब्द हवा?" तो एकेक अक्षर म्हणत गेला, हवं ते अक्षर आलं की ती "हो" दाबायची. पाव तास लागला. विब्रेन कागदावर अक्षरं लिहीत होता आणि शेवटचं अक्षर लिहून त्याने कागद माझ्याकडे सरकवला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुला म्हणावं लागेल हे," तो म्हणाला.

त्यावर लिहिलं होतं: पुरे.

मी ते तिथेच, त्याच्या फोनमध्ये, जमेल तितक्या मायेने म्हटलं. संध्याकाळपर्यंत घर तयार झालं. विब्रेन तिला सांगायला लागला की नव्या घरामुळे ओळी जरा दाटीच्या झाल्यात, त्यामुळे बोट टेकवताना तिने जरा जपून टेकवावं, आणि खरं तर सुरुवातीलाच त्याने सगळी घरं तपासायला हवी होती, ते त्याचं चुकलंच, आणि...

रेन्स्केने नव्या घरावर बोट टेकवलं. तो थांबला. मग खुर्ची आणखी जवळ ओढून तिचा डावा हात त्याने हातात घेतला, आणि जेवणाची गाडी येईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.