अकरा बावन्नला बंद पडलेली गाडी

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते चुका शोधायला. एकाने अमावस्या लिहून पुढच्याच परिच्छेदात टिपूर चांदणं पाडलं होतं, ते मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. भूत, करणी, दृष्ट... घरात विषय निघाला की मी उठून जायचो. वय त्रेपन्न. लातूरला सरकारी कार्यालयात सांख्यिकी सहायक आहे. ज्याची नोंद नाही ते घडलं नाही, असं मानून सत्तावीस वर्षं नोकरी केली. आज मात्र मला अशी एक गोष्ट सांगायची आहे, जिची नोंद आहे, पण जी घडणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते.

आमचं घर नांदेडला. सोमवार ते शुक्रवार मी लातूरला खोली करून राहतो. बायको सुनंदा उमरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि तेव्हापासून नांदेड–उमरी स्वतः चालवत जाते. गाडी माझ्या नावावर.

दोन वर्षांपूर्वी गाडी सर्व्हिसिंगला मी नेली होती, तेव्हा तिच्यात एक यंत्र बसवून घेतलं. काडेपेटीएवढी काळी डबी, स्टिअरिंगच्या खाली आत लपवलेली. तिच्यात सिमकार्ड. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कुठे किती वेळ थांबली, सगळं माझ्या मोबाईलवर एका अ‍ॅपमध्ये दिसायचं. त्याच अ‍ॅपमध्ये एक लाल बटण होतं – इंजिन बंद. ते दाबून चार आकडी पिन टाकला की गाडी जिथे असेल तिथे बंद. चालत्या गाडीला अपघात नको म्हणून वेग वीसच्या खाली आला तरच यंत्र काम करायचं. यंत्र बसवणाऱ्या दुकानदाराला मी सांगितलं, चोरी होऊ नये म्हणून बसवतोय. सुनंदाला काहीच सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. राहून गेलं नव्हतं.

मग मला सवयच लागली. रोज एका वहीत तिची निघण्याची, पोचण्याची वेळ, किलोमीटर, थांबे. शाळा सुटल्यावर दर बुधवारी गाडी उमरीच्या कडेला नव्या प्लॉटिंगमधल्या एका गल्लीत थांबायची. तेरापैकी अकरा बुधवार. कमीत कमी पस्तीस मिनिटं, जास्तीत जास्त पन्नास. मी फोनवर विचारायचो, "आज उशीर झाला?" ती म्हणायची, "बैठक होती." शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिच्या शाळेतले एक सर त्याच भागात राहतात, हे मला ठाऊक होतं. पुढचं लिहायला हात जड होतो. सरळ विचारायचं सोडून मी वहीत अकरावा बुधवार लाल शाईने लिहिला.

आता मुख्य दिवस. निवडणुकीच्या मतमोजणीला लातूरला माझी ड्युटी लागली. टेबलावर पर्यवेक्षक मी आणि मदतीला औशाकडचे एक तलाठी. ज्यांनी ही ड्युटी केली त्यांना माहीत आहे – आत मोबाईल नेता येत नाही. पहाटे साडेपाचला मी मोबाईल बंद करून बाहेरच्या काउंटरवर जमा केला. टोकन नंबर शहाऐंशी. आतमध्ये कॅमेरे, दारावर पोलीस.

तोही बुधवारच होता. चौथी फेरी. तलाठी मतदान यंत्रावरचे आकडे वाचत होते, मी लिहीत होतो. आणि मध्येच डोक्यात आलं... संध्याकाळी गाडी पुन्हा त्या गल्लीत उभी राहणार. हॉलमध्ये दोनशे माणसं, लाऊडस्पीकरवर फेरीचे आकडे, आणि माझ्या मनात स्पष्ट शब्दांत वाक्य उमटलं – बंद पडू दे एकदा ती गाडी. रस्त्यात. चार लोकांसमोर.

"साहेब," तलाठी म्हणाले, "हे काय लिहायलात? मशीनमधी नऊशेच्या वर मतंच न्हाईत. हा चार आकडी कुठून आणला?"

मी खाली पाहिलं. एका उमेदवारापुढे चार अंक लिहिलेले. अक्षर माझंच.

"झोप झाली न्हाई वाटतं," ते हसले. "मारा काट अन् करा सही. वरचा साहेब बघायच्या आत."

नियमाप्रमाणे एका रेघेने आकडा खोडला, शेजारी बरोबर आकडा, सही आणि वेळ. वेळेसाठी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा बावन्न. सत्तावीस वर्षांत मी खाडाखोड केलेला हा पहिला कागद.

संध्याकाळी पावणेसहाला मोबाईल परत मिळाला. चालू केला तर चौदा मिस्ड कॉलचे मेसेज, आणि त्यांच्या वर अ‍ॅपची सूचना – इंजिन बंद करण्याची आज्ञा पूर्ण, वेळ ११:५२. मी तिथेच पायरीवर बसलो. सुनंदाला फोन लावला.

"गाडी तुम्ही बंद केली का?" तिचा पहिला प्रश्न.

"कोणती गाडी?" मी म्हणालो. हो, असंच म्हणालो.

"नाटकं करू नका. मेकॅनिकनं डबी काढून हातात दिलीय माझ्या." मग म्हणाली, "अक्का होत्या गाडीत."

अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. वडील गेल्यावर आम्ही भावांनी शेताचा हक्कसोड कागद तिच्यापुढे ठेवला, तेव्हा तिने सही केली नाही. "माझा वाटा मला पायजे, तुमची साडीचोळी नको," म्हणाली. तेव्हापासून नऊ वर्षं मी तिच्याशी बोललो नाही आणि घरातही सांगून टाकलं, तिच्याकडे कुणी जायचं नाही. तिने उमरीत नवं घर बांधलं, ते मी पाहिलंही नव्हतं. ती गल्ली अक्काची होती. अक्काच्या पायाला साखरेमुळे जखम झालेली, आणि दर बुधवारी सुनंदा तिथे जाऊन पट्टी बदलायची, दोन दिवसांची भाजी करून ठेवायची. त्या दिवशी सकाळी पाय काळा पडला, ताप चढला, म्हणून सुनंदा शाळेतून रजा टाकून तिला नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात आणत होती. मुदखेडच्या पुढे गतिरोधकावर वेग कमी केला आणि गाडी मेली ती मेली.

रुग्णवाहिका दुसऱ्या केसला गेलेली. गस्तीवरचा हवालदार थांबला, त्याने गावातून मेकॅनिक आणवला. डबी तोडून गाडी चालू व्हायला एक चाळीस वाजले. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. अक्काच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, तेवढ्या वेळाने फार फरक पडला नसता. 'फार' म्हणजे किती, हे मी त्यांना विचारू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्या हवालदारांनी मला चौकीत बोलावलं. मी ड्युटीचा आदेश आणि ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"गुरुजी..."

"मी गुरुजी नाही, बायको शिक्षिका आहे."

"तेच ते. आम्हाला चोरीची गाडी अशी बंद करायची म्हणलं तर गुन्हा नोंद पायजे, वरच्या साहेबाचं पत्र पायजे, मग कुठं कंपनी ऐकती. अन् तुम्ही बायकोच्या गाडीला बटण लावून बसलात! खुर्चीतल्या खुर्चीत!"

"मी दाबलं नाही ते."

"दाबलं न्हाई. पर लावलं तर तुम्हीच की."

मी आदेश आणि ओळखपत्र उचलून खिशात ठेवलं.

शनिवारी यंत्र बसवणाऱ्या दुकानात गेलो. त्याने कंपनीकडून नोंद मागवली. आज्ञा माझ्याच नंबरवरून गेलेली. पिन पहिल्या प्रयत्नात बरोबर.

"पिन आणखी कुणाला म्हाईत हाय का सर?"

"नाही."

"मोबाईल?"

"बंद होता. जमा होता. दिवसभर कुणी हातही लावला नाही, काउंटरच्या रजिस्टरला नोंद आहे."

तो उगाच हसला. "मग सर... तुम्हीच की हो."

त्याने नोंदीतला पिनचा रकाना माझ्याकडे वळवला. ते चार अंक मी टक लावून पाहत राहिलो. मतमोजणीच्या कागदावर मी खोडलेले अंक हेच होते. हेच, याच क्रमाने.

तो कागद आता सीलबंद आहे. मी तो कुणाला दाखवू शकत नाही. मोबाईल कंपनीकडून त्या दिवसाचा तपशील मागवला, पहाटे साडेपाच ते संध्याकाळी पावणेसहा त्या नंबरवरून काहीही गेलेलं नाही. सिमची दुसरी प्रत निघाल्याची नोंद नाही. यंत्र बिघडलं म्हणावं तर पिन कुठून आला? जे जे तपासता येतं ते मी तपासलं आहे. स्पष्टीकरण नाही.

आता लाजेचं. दवाखान्यात अक्काला भेटायला गेलो, तर ती उशी सरकवत म्हणाली, "ये बाबा. लई वाळलास की रं." नऊ वर्षांनी, एवढंच. सुनंदा शेजारी उभी होती, माझ्याकडे न बघता. गाडीत बसणं तिने सोडलं होतं, रेल्वेने जात होती. आदल्या दिवशी मला तिने एकच विचारलं होतं. "दोन वर्षं मी गाडीत एकटी गाणी म्हणत जायची. ते पण ऐकू येत होतं का?" मी म्हणालो, नाही, फक्त जागा आणि वेग दिसतो. "फक्त," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी अक्कापुढे ड्युटीचा आदेश काढला, टोकनचं सांगितलं, कॅमेऱ्यांचं सांगितलं. अक्काने कागद बघितलाच नाही. सुनंदाला म्हणाली, "हे बघ, तू उगं त्याच्यावर आळ घेऊ नको. ल्हानपणी मार खायचा, पर खोटं बोलायचा न्हाई. त्यो न्हाई म्हणला तर न्हाई."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मनात आलेलं ते वाक्य आणि कागदावरचे ते चार अंक, दोन्ही मी गिळून टाकले. मी खोटं बोललो नाही. अर्धंच बोललो.

चार महिने असेच काढले. मग हे सगळं लिहून काढलं आणि पाठवण्याआधी काल सुनंदाला वाचायला दिलं. तिने वह्या तपासतात तसं बोट ठेवून वाचलं. शेवटचं पान झाल्यावर चष्मा काढला.

"अंक लिहिलात तेव्हा तुम्हाला कळलं होतं का, हा पिन आहे म्हणून?"

मला वाटलं होतं, ती पहिला प्रश्न अक्काचा विचारेल.

"लिहिताना नाही. लिहून झाल्यावर... हो. बघितल्याबरोबर."

"मग खोडलात का?"

"तलाठ्यांनी विचारलं म्हणून," मी म्हणालो.