पाठ नसलेला कोट

दुबईशेजारच्या रोल्लातल्या माझ्या स्टुडिओत हसायला बंदी आहे. तशी पाटी लावलेली नाही, पण मी बसलेली असते ना.

फोटो काढायला मला कोणी शिकवलं नाही. नवरा दिवसभर कामावर, मी घरात एकटी. एकदा जुन्या सामानाच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक मिळालं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका फोटोवाल्यावरचं. वाचता फारसं आलं नाही, चित्रं मात्र पाठ झाली. माणूस ताठ, एक हात खुर्चीवर, मागे रंगवलेला खांब, आणि चेहरा असा की घरात नुकतंच कोणीतरी गेलंय. मला वाटलं, फोटो म्हणतात तो हाच. त्या काळी एका फोटोला बराच वेळ लागायचा, म्हणून माणूस हलू नये यासाठी त्याच्या मागे लोखंडी स्टँड लावत. माझा कॅमेरा डिजिटल, पापणी लवायच्या आत खलास. तरीही मी दुबईतल्या रास अल खोरच्या एका वेल्डरकडून तसा स्टँड करून घेतला. मानेला आधार, कमरेला पट्टा. मागे पुठ्ठ्याचा रंगवलेला खांबही उभा केला. पुस्तकात आहे म्हणजे लागत असणारच की.

गिऱ्हाईक बहुतेक आपली कोकणातली, साइटवर काम करणारी मुलं. एकाने स्टँड पाहिला आणि गुमान शर्टाची बाही वर केली. त्याला वाटलं, व्हिसाचं मेडिकल इथेच होतं.

ही सगळी लग्नासाठी फोटो काढायला येतात. त्यांच्यासाठी मी बंद गळ्याचा एक काळा कोट ठेवला होता. जाड-बारीक सगळ्यांना बसावा म्हणून तो मागून उभाच्या उभा कापून टाकलेला. पुढून बॅरिस्टर, मागून कपडे वाळत घालायचे पाच चिमटे. फोटोत पाठ कोण बघतंय?

आणि नेमकी तीच बघायची वेळ आली.

गुहागरकडचा एक शटरिंगचा सुतार होता, चौतिशी गाठलेला. मला मावशी म्हणायचा. दोन ठिकाणी नकार आला होता. तिसरी मुलगी गावात ब्लाउज शिवायची. तिचा फोटो त्याला इतका आवडला की तो झाकेल म्हणून मोबाइल उलटा ठेवेना. मी त्याचा कोटातला फोटो काढला, त्याने पाठवला, आणि चार दिवसांनी धावत आला. मुलीच्या वडिलांचा फोन आला होता. वर्षभरात दुबईकडून तीन स्थळं आली आणि तिघांच्या अंगावर एकच कोट! डाव्या खिशावर शाईचा तोच डाग. डाग मुलीनेच ओळखला, शिवणारीची नजर. आधीचे दोघे स्वतःला मॅनेजर म्हणवत होते. वडिलांचं म्हणणं, ही टोळी आहे. आता चार वाजता कोट घालून व्हिडिओ कॉलवर या, नाहीतर विषय संपला.

मी म्हटलं, बस स्टुलावर. पुढूनच बोल, काही झालं तरी वळू नकोस. घाबरून वळेल म्हणून त्याला स्टँडला चांगलं आवळून टाकलं आणि फोन मी धरला.

वडिलांनी नोकरी विचारली. हा म्हणाला, कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये आहे. लग्नानंतर गावी येत राहाल का, तर म्हणाला, इन्शाल्ला.

“ते कळलं. पण हो की नाही?” वडील म्हणाले.

मग पलीकडे मुलीने फोन घेतला. आवाज अगदी साधा.

“जरा उठून पाठ दाखवता?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनीच सांगितलं, हलू नकोस. आयुष्यभर सगळ्यांना हेच तर सांगत आलेय. आणि हा शहाणा उठला. त्याच्याबरोबर स्टँडही उठला. खांबाला एक टोला देऊन दोघे वळले. पाच चिमटे, मध्ये पिवळं पडलेलं बनियन आणि मानेपासून कमरेपर्यंत लोखंड.

पलीकडून मुलीने मोजणी सुरू केली.

“चिमटे कुणाचे?”

“मावशींचे.”

“कोट?”

“त्यांचाच.”

“आणि ते लोखंड?”

“तेपण.”

“मग तुमचं काय आहे?”

त्याने भिंतीलाच उत्तर दिलं. तोंड तिकडेच होतं बिचाऱ्याचं.

“बनियन,” तो म्हणाला. “आणि शटरिंगचं काम. मॅनेजर नाही मी.”

मी मनात म्हटलं, झालं, गेलं हेही स्थळ. तेवढ्यात ती म्हणाली, “फोटोत कोट मागून ओढल्यासारखा दिसला, म्हणून आधीच्या दोघांनाही कोटाची पाठ दाखवा म्हटलं होतं. दोघांचंही नेटवर्क गेलं.” मग मला म्हणाली, “मावशी, कोट असा कापतात होय? शिवण उसवायची असते.”

एवढ्या वर्षांत माझ्या कामातली चूक कोणी दाखवली नव्हती. कात्री कुठे लपवू असं झालं मला.

लग्न झालं. तिने त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने कोट शिवला. लग्नाचा फोटो त्याने मला पाठवला, तो मी मोठा करून स्टुडिओत लावलाय. सगळं वऱ्हाड पुढे तोंड करून उभं आहे, नवरी गालात हसतेय, आणि नवरदेव एकटा पाठ करून उभा. अखंड पाठ, मधोमध सरळ शिवण, एक चिमटा नाही.

आता येणारी मुलं विचारतात, मावशी, तुमच्याकडे हसायचं नाही ना, मग हा फोटो चालतो कसा? मी म्हणते, माझं गिऱ्हाईक नवरदेव, तो हसतोय की नाही ते आधी दाखवा.