विहिरीवरचा पहिला मान

गोडदेव गावातल्या आमच्या विहिरीवर खरा हक्क माझा. मी थोरली सून. पण आजूबाजूच्या इमारतींतल्या बायकांना विचारा, त्या सांगतील, "वो चाचीजी की बावडी." चाचीजी म्हणजे माझी धाकटी जाऊ.

विहिरीत तेव्हा निर्माल्य, थर्माकोल, देवाच्या जुन्या तसबिरी, काय नव्हतं ते तरंगायचं. कुणी सांगितलं नसताना ही बया दर रविवारी बांबूला जाळं बांधून कचरा काढायला लागली. हळूहळू समोरची गुजराती बाई आली, नया नगरातून रिक्षाने दोघी यायला लागल्या. सगळ्या फुकट राबायच्या, आणि वर हसत राबायच्या. मी गॅलरीतून बघायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. पाणी निवळलं, घाण वास गेला, त्याचं सुख माझ्याही घराला मिळत होतं, तरी जळफळाट काही थांबेना. चांगुलपणा असा परस्पर एकटीच्या नावावर करून घ्यायचा म्हणजे काय?

मग मीही हात सैल सोडला. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, कठड्याला संगमरवरी पाटी लावली: 'थोरल्या घराकडून गावाला.' नारळ फोडला, पेढे वाटले. पुढच्या रविवारी एकही बाई आली नाही. गुजराती बाई भेटली तेव्हा गोड हसून म्हणाली, "अब तो बडे घर ने ले लिया ना, हमारी क्या जरूरत?" दान करून मी सगळ्यांना सुट्टी देऊन टाकली होती. जाऊ तेवढी येत राहिली. जाळीचं झाकण उचलून एकटीच, आत पडलेला कचरा काढत राहिली. त्याचाही मला रागच आला.

पुढे माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घरात नवरीच्या हळदीच्या अंघोळीला याच विहिरीचं पाणी लागतं, आणि पहिली कळशी काढायचा मान एकीचाच. मी नवं लुगडं नेसून कठड्याशी उभी होते. वाजंत्री सुरू झाली, आणि मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "काकी, पहिली कळशी तू काढ. विहीर तू जपलीस."

जाऊने कळशी घेतली. बायका बघत होत्या. मग ती माझ्याकडे वळली.

"न्हाय गो पोरी, पयला मान आयचा."

कळशी माझ्या हातात देऊन ती मागे सरकली. मी पाणी काढलं. नितळ होतं. बायका मात्र कौतुकाने तिच्याकडेच बघत होत्या. ज्या मानासाठी मी इतकी जळले, तोही शेवटी तिनेच मला देऊन टाकला.