आबांच्या नावाची शिंपली

त्या उन्हाळ्यात मी चाळिशीची होते आणि अक्कल मात्र शाळकरी पोरीची. नातीला हे सांगते तेव्हा ती पोट धरून हसते. शेवटचा भाग तिला अजून सांगितलेला नाही.

शिरूरच्या आमच्या दोन खोल्यांत, न्हाणीतल्या दगडावर बसून मी कोट्यवधी वर्षांपूर्वीचा चिखल धुवायचे. नागपूरकडचा, लाव्हाच्या दोन थरांत अडकून दगड झालेला. तो सोड्यात भिजवायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, गाळ वाळवायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्यातून ऑस्ट्राकॉड वेचायचे. कोळंबीच्या गोतातले हे जीव. खसखशीएवढ्या जोडशिंपल्यात राहायचे. शिंपलीवरची नक्षी, बिजागरी, आतले स्नायूंचे ठसे बघून कुणाची जात कुठली ते मी ठरवायचे.

"मेल्यावर बी जात इचारतीस व्हय गं?" आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे.

दौंडला रेल्वेत गँगमन होते. आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आले. नळाला पाणी नसायचं, म्हणून सायकलला दोन कॅन अडकवून घोडनदीच्या डोहातून माझ्या दगडांसाठी पाणी आणायचे. दम लागायचा, तरी आणायचे. हृदय वाढलंय, फार काळ नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

आणि गाळात मला ती दिसली. काचेसारखी आरपार, काठाला बारीक केस. एकाही पुस्तकात नव्हती. मी न्हाणीतूनच ओरडले, "आबा, नवी प्रजाती! नाव शोधणाऱ्यानं ठेवायचं असतं. तुमचं ठेवते!"

"माझं? हजेरीपटावर सुदिक कुनी नीट लिवलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी एस्टी स्टँडवरच्या चहावाल्यालाही ठाऊक झालं होतं. मग आबा रोज विचारायचे, "छापून कवा येनार?" ते छापील पान त्यांच्या हातात पडावं, एवढीच माझी धडपड होती.

पुण्याला सरांकडे डबी घेऊन गेले. माझं संशोधन त्यांच्याच हाताखाली चालू होतं. ते सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिले.

"बाई, हिला पाय आहेत."

"हो ना सर! जतन किती सुंदर झालंय!"

काय ती बाई! कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेली शिंपली, आणि केस असे की सकाळीच विंचरलेत. मला शहाणीला शंका म्हणून आली नाही.

"धुवायला पाणी कुठलं?" सरांनी विचारलं.

"नदीचं."

"गाळून घेता?"

गाळायचं मला सुचलंच नव्हतं. घोडनदीतली जिवंत पोरं मी जीवाश्मांत बसवली होती.

परत आले तेव्हा आबा खाटेवर होते. त्या आठवड्यात सायकल भिंतीला टेकलेलीच होती. खोटं सांगायचं एस्टीत ठरवलं होतं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.



"म्हंजी माझ्याच पान्यात व्हती ती."

"हो."

"मंग आता गाळून आनतो," असं म्हणून त्यांनी पायानं चपला चाचपल्या. पाय सुजलेले, चपलेत शिरेनात. मी चपला खाटेखाली सारल्या.

पाऊस सुरू व्हायच्या आत आबा गेले. पुढं मी पुष्कळ शिंपल्या ओळखल्या. सगळ्यांना आधीच कुणीतरी नाव ठेवून गेलेलं होतं.