रोझीचा सव्वा महिना

उंद्रीच्या धम्मशीलाबाई नर्स म्हणून एकतीस वर्षं राबल्या. आसपासच्या खेड्यांतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर पहिल्यांदा रडली. रिटायर झाल्यावर तुमच्या वाट्याला कोळी सांभाळायचं काम येईल, असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी आधी त्याचा ताप मोजला असता. पण पोटची पोर काय करायला लावील याचा काही नेम नाही.

मयुरी त्यांची एकुलती एक. प्राणिशास्त्र शिकली आणि मेळघाटात जनावरांच्या मोजणीच्या कामाला लागली. तिथं आठ-आठ दिवस फोन लागत नाही. जाताना तिनं आपली टॅरँट्युला आईच्या हवाली केली. टॅरँट्युला म्हणजे तळहाताएवढा केसाळ परदेशी कोळी. ही मादी होती, अंगावर गुलाबी झाक, नाव रोझी. काचेची पेटी, रातकिड्यांचा डबा, सरकारी नोंदणीचा कागद, सगळं सोबत दिलं. "आई, गाईपेक्षा गरीब आहे," एवढं सांगून पोरगी एसटीत बसली.

आणि खरंच गरीब हो! आठवड्याला एक रातकिडा खायची आणि गप बसायची. महिन्याभरात धम्मशीलाबाई तिला हातावर घेऊन टीव्ही बघायला लागल्या. नवरा माणिकराव, जन्मभर घाटातून एसटी हाकलेला माणूस, पण ती पेटीबाहेर असली की दारातून आत पाऊल टाकत नसे. "ते आंदी पेटीत ठेव वं, मंग चहा मांड!" बाहेरूनच हुकूम सुटायचा.

मग रोझीनं खाणं सोडलं. पोट काळंभोर पडलं. आणि एका सकाळी बघतात तर बया उताणी, आठही पाय वर.

"गेली," माणिकराव खिडकीतून म्हणाले. "मी लिंबाखाली खड्डा करतो."

धम्मशीलाबाईंनी मयुरीला फोन लावला, नेहमीप्रमाणे बंद. चष्मा पुसून त्या पेटीवर वाकल्या. एक पाय हळूच हलला. अंगावरचं कवच कडेनं उकललं होतं आणि आतून ओलं, फिकट काहीतरी जोर लावत बाहेर येत होतं. तो जोर त्यांच्या ओळखीचा होता.

"अहो, खड्डा राहू द्या! ही मेली नाई, ही मोकळी होऊन राह्यली!"

झालं. एकतीस वर्षांची नर्स जागी झाली. टीव्ही बंद, खिडकीला पडदा, माणिकरावांना ओट्यावर हाकललं. दुपारपर्यंत रोझी कात टाकून बाहेर आली, ओलीगच्च, दमलेली. सव्वा महिना हिला कोणी हात लावायचा नाही, असं बाईंनी जाहीर केलं. इथवर सगळं बरोबर होतं. पण बाळंतिणीला उपाशी कशी ठेवायची? अंगात ताकद नको यायला? आता डिंकाचे लाडू काही ती खाणार नव्हती. म्हणून बाईंनी एक सोडून चार रातकिडे पेटीत सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर एक रातकिडा रोझीचाच पाय कुरतडत होता! पायावर पाण्यासारखा रक्ताचा थेंब जमला होता. बाई चिमट्यानं एकेक किडा काढायला गेल्या तर रोझीनं पुढचे पाय उगारले, चिमट्यावर झेप घेतली आणि मागच्या पायांनी अंगावरचे खाजरे केस बाईंच्या हातावर झाडले. किडे कसेबसे निघाले, पण दिवसभर हाताची आग आग होत होती.

त्यानंतर ती गरीब गाय काही परत आली नाही. झाकण हललं की पाय वर. पाण्याची वाटी बदलायला जावं तर अंगावर येई. खायला पुन्हा काही टाकायची बाईंची हिंमतच होईना. माणिकराव चिडवायचे, "लेकीनं सून देली तुले सांभाळायले!" एरवी बाई हसल्या असत्या. आता डोळ्यांत पाणी यायचं. आपण घाई केली, मुक्या जिवाला दुखापत झाली, त्यातच ही मरणार आणि पोरीला काय तोंड दाखवू, हेच रात्रंदिवस मनात घोळत होतं.

कात टाकल्यापासून अठराव्या दिवशी मयुरी आली. तिच्या पाठीवरची सॅकही उतरली नव्हती, तोवर आईनं सगळं सांगून टाकलं.

"चार रातकिडे? आई!" मयुरीनं कपाळाला हात लावला. "कात टाकल्यावर तिचे दातही मऊ असतात. तेव्हा ती किडा खात नाही, किडाच तिला खातो."

"मले का मालूम वं, माय? मले वाटलं, अशक्त झाली असंल."

मयुरीनं टॉर्च घेऊन पेटी चारही बाजूंनी पाहिली. मग म्हणाली, "पायाची जखम भरली. दातही काळे झाले." तिनं एक रातकिडा सोडला. रोझीनं गपकन धरला आणि खायला बसली.

बाई पेटीपाशीच टेकल्या. "वाचली व माय!"

"वाचायला काय झालं? धडधाकट आहे."

"पण डोकं तं फिरलं ना तिचं? माह्यामुळंच फिरलं. पहिले हातावर बसे."

"तुझ्यामुळं कशाला? किड्यांचं म्हणशील तर चुकलंच तुझं. पण कात टाकली की काहींचा स्वभावच पालटतो. काल गरीब, आज तिखट. पुढच्या वेळी परत गरीब होईल, नाहीतर नाही होणार. आपण फक्त हात लावायचा नाही."

"म्हंजे इले काई दुखत नाई?"

"नाही गं. नुसती रागीट झालीय."

धम्मशीलाबाई उठल्या आणि स्वतः वाटीत पाणी भरायला गेल्या. झाकण सरकवताच रोझी पुढचे दोन्ही पाय उगारून उभी राहिली. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता रडू.

"हे मले पहिल्याच दिवशी कळायले पाह्यजे होतं," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "जी बाई बाळंतपणाच्या खाटेवरून मले शिव्या देई, तिची मले कवाच काळजी नसे. जी चूप पडे, तिच्याच उशाशी मी बसून राह्यची." मग पेटीवर वाकून म्हणाल्या, "कर बाई, कर राग."