इक्क होर

“इक्क होर,” म्हणजे आणखी एक, असं म्हणत बीजी ताटात पराठा टाकायच्या आणि आपण नको म्हणायच्या आत त्यावर लोण्याचा गोळा ठेवायच्या. चंदीगडजवळ झिरकपूरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या या सरदारणीला सगळे बीजीच म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, ज्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात आणि आपल्याला ते ऐकणं जड जातं.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आईनं शाळेतल्या पोरांची खिचडी रांधून, जमिनीवर बसून ढीगभर भाज्या चिरून मला शिकवलं. त्यात तिचे गुडघे गेले. मोहालीत नोकरी लागल्यावर मी तिला हिंगोलीहून इथं आणलं आणि उजवा गुडघा बदलून घेतला. तिनं न दुखता चालावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते माझ्यामुळं व्हावं, हेही हवं होतं.

मी दिवसभर ऑफिसात. आई थंडीच्या उन्हात बीजींच्या दारात, वेताच्या बुटक्या मुढ्यावर. हिला पंजाबी येत नव्हतं, त्यांना मराठी. तरी मटार सोलत दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत. घरी आल्यावर मी विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं, “बरं हाय.”

एका संध्याकाळी बीजींनी मला जिन्यापाशी अडवलं. स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, “पुत्तर, तेरी माँ को यहाँ सामने दर्द है, उठते हुए. तुझे नहीं बताती. कहती है, तेरा दिल टूटेगा.”

माझ्या आईचं दुखणं मला तळमजल्यावरून कळावं?

डॉक्टरांनी तपासलं. सांधा नीट बसला होता, मांडीचा पुढचा स्नायू मात्र अशक्त होता. फिजिओथेरपिस्टनं विचारलं, दिवसभर बसतात कशावर? मी हातानं मुढ्याची उंची दाखवली. तिथंच गडबड होती. इतक्या खालून उठताना वाटीवर भार येत होता. उंच, हातांची खुर्ची घ्या, हात टेकून उठा, आणि पाय सरळ उचलून धरायचा व्यायाम करा, असं त्यांनी सांगितलं.

मला आनंद झाला. दोष बीजींच्या मुढ्याचा निघाला होता. आल्या आल्या मी तो त्यांच्या दारात उभी राहून ऐकवला.

बीजींनी मुढा उचलून आत नेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाच्या, हातांच्या दोन खुर्च्या उन्हात मांडलेल्या, एकीवर आई, दुसरीवर बीजी, दोघींचे पाय समोर ताणलेले. बीजींचाही गुडघा बदललेला होता आणि तोही समोरून दुखत होता, हे मला तेव्हा कळलं. आईला पहिल्यापासून ठाऊक होतं.

व्यायाम शिकवला मी. माझ्यासमोर आई एकदोनदा पाय उचलून “दमले बाई” म्हणायची. बीजी “इक्क होर” म्हणाल्या की तोच पाय पुन्हा वर. दुखणं हळूहळू उतरलं. लिफ्ट सोडून, कठडा धरून ती जिना चढू लागली. गावी मावशीला फोनवर सांगत होती, “बीजीनं बरं केलं मला.” मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली.

यंदा बीजींचा मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन गेला. दोन्ही खुर्च्या त्यांनी आमच्याकडं पाठवल्या. परवा रविवारी आम्ही त्या खाली उन्हात नेल्या आणि मी बीजींच्या खुर्चीत बसले. आईनं पाय उचलला, धरला, खाली ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला आणि थांबली. समोरच्या बंद दाराकडं बघत राहिली.

“इक्क होर,” मी म्हणाले.

आई हसली. “तसं नाही म्हणत त्या,” म्हणाली, आणि पाय उचलला.